विमानाच्या पत्र्यांचे जोड : रिव्हेट आणि वेल्डिंग

विमानाच्या धडाचे व पंखांचे ॲल्युमिनियमचे पत्रे आजही मुख्यतः रिव्हेट (भोकातून घालून मागचे टोक ठोकून पसरवायचा डोक्याचा खिळा) मारूनच जोडतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात टिग वेल्डिंगने (विजेच्या झोताने धातू वितळवून) टाक्या आणि चौकटी करणाऱ्याला हे जुनाट वाटू शकते : अखंड शिवण मारता येत असताना चांगल्या पत्र्याला शेकडो भोके कशाला? गोम शिवणीत नाही, तिच्या कडेच्या बोटभर पट्टीत आहे.

टाकीसाठी वापरतात त्यापैकी ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्याची ताणशक्ती सुमारे ३१० मेगापास्कल असते. वेल्डच्या उष्णतेने कडेची पट्टी मऊ पडते आणि जोडाचा हिशेब जवळपास निम्म्यावर, म्हणजे १६५ च्या आसपास धरावा लागतो. टाकीवाला जाड पत्रा घेऊन मोकळा होतो. विमानात ते वजन परवडत नाही. धडाचा नेहमीचा २०२४-टी३ हा तांबेयुक्त मिश्रधातू तर साध्या वेल्डिंगला दादच देत नाही. शिवण थिजताना कणांच्या सीमांवर तांब्याने समृद्ध थर शेवटपर्यंत द्रव राहतो आणि आकसताना तिथेच भेग पडते.

भोकांनीही पत्रा कमजोर होतोच, पण किती ते आधी मोजता येते. १ मिमी जाडीचे दोन २०२४-टी३ पत्रे (४४० मेगापास्कल) ३.२ मिमीच्या एडी (विमानात नेहमी वापरतात त्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या) रिव्हेटने, १३ मिमी अंतर ठेवून जोडले असे धरू. भोक ३.२६ मिमीचे. १३ मिमीची अखंड पट्टी ५.७ किलोन्यूटन पेलते, भोक वजा जाता ४.३. एक रिव्हेट कातरताना सुमारे १.७ किलोन्यूटन घेतो. दोन रांगांत ३.४ होतात, म्हणजे रिव्हेट आधी तुटतील. तीन रांगांत ५.१, म्हणजे पत्रा आधी फाटेल आणि जोड मूळ पत्र्याच्या पाऊण ताकदीचा ठरेल. रांग कमी पडली तर काय होते ते जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या उड्डाणाने १९८५ मध्ये दाखवले : मागच्या दाब-भिंतीच्या (केबिनमधली दाबाची हवा अडवणाऱ्या भिंतीच्या) जुन्या दुरुस्तीत भार एकाच रांगेवर आला होता. ५२० माणसे गेली.

रिव्हेटची लांबी म्हणजे दोन्ही पत्र्यांची जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. वरच्या उदाहरणात ६.८ मिमी. भोकाच्या मध्यापासून कड निदान दोन व्यास लांब हवी. भोक पाडल्यावर पत्रे सोडवून दोन्ही बाजूंची बर (भोकाच्या काठावर उभी राहिलेली धातूची कोर) काढतात, मग क्लेकोने (भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या चिमट्याने) घट्ट आवळतात. हा कंटाळवाणा टप्पा गाळला की पत्र्यांमध्ये फट राहते, रिव्हेट त्या फटीतच फुगतो आणि वरून मात्र डोके झकास दिसते. मागचे ठोकलेले डोके सुमारे ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच यावे. बकिंग बार (मागून टेकवायचा जड लोखंडी ठोकळा) तिरका धरला तर ते कलते. रिव्हेट ठोकणारी हवेची गन जास्त वेळ चालवली तर ठोकून कडक झालेल्या डोक्याला तडे जातात. बिघडलेला रिव्हेट काढताना डोक्यात रिव्हेटच्याच मापाचे ड्रिल चालवून दांडा पंचने पाडतात. मोठे ड्रिल घेतले की भोक गेले.

वेल्डिंगला विमानात जागाच नाही असे नाही. छोट्या विमानांच्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलाद) नळ्यांच्या चौकटी, इंजिन माउंट आणि एक्झॉस्ट वेल्डचेच असतात. एअरबस ए३८० च्या धडाच्या खालच्या काही पॅनेलवर स्ट्रिंगर (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या लांब पट्ट्या) लेसरने जोडले आहेत, मात्र वेल्ड होणाऱ्या मिश्रधातूंवर. टीडब्ल्यूआय या ब्रिटिश संस्थेने १९९१ मध्ये काढलेल्या घर्षण-ढवळ वेल्डिंगमध्ये फिरता दांडा धातू मऊ करून ढवळतो, धातू वितळतच नाही, म्हणून २०२४ सारखा हट्टी पत्राही जुळतो. एक्लिप्स ५०० या छोट्या जेटमध्ये तिने हजारो रिव्हेट वाचवले. तरीही कडेची पट्टी थोडी मऊ पडतेच.

रिव्हेटच्या जोडाचा खरा वैरी ओलावा. ठाणे खाडीच्या काठासारखी खारी, दमट हवा पत्र्यांच्या मधल्या फटीत शिरली की गंजाचा चुरा फुगून पत्रे उचलतो आणि दोन डोक्यांमधला पत्रा उशीसारखा दिसतो. म्हणून जोडताना मध्ये सीलंट भरतात. सैल रिव्हेट तर स्वतःच चुगली करतो : घासून निघालेल्या ॲल्युमिनियमची काळी रेघ डोक्यामागे, वाऱ्याच्या दिशेने ओढलेली. ती पुसून पुढच्या उड्डाणानंतर पुन्हा पाहतात. परत उमटली तर रिव्हेट बदलतात आणि शेजारचेही तपासतात.