आरशावरचे ओरखडे

पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी लापेरूज नावाचं रेस्टॉरंट आहे, 1766 पासूनचं. तिथल्या छोट्या खासगी खोल्यांमधले जुने आरसे ओरखड्यांनी भरलेत. एकोणिसाव्या शतकात बडी मंडळी आपल्या मैत्रिणींना घेऊन इथे जेवायला येत. हिऱ्याची अंगठी भेट मिळाली की ती बाई तिथल्या तिथे खडा आरशावर ओढून पाही, असं सांगतात. तेही देणाऱ्याच्या देखत! मला हा रोखठोकपणा भारी आवडतो.

शंका घ्यायला कारण होतंच. श्ट्रास नावाच्या पॅरिसच्याच एका जवाहिऱ्याने अठराव्या शतकात शिसं घातलेल्या काचेचे नकली हिरे लोकप्रिय केले होते. शिशामुळे काच प्रकाश जास्त वाकवते, म्हणून खडा जास्त चमकतो. हिऱ्याची सर त्याला नाही: हिऱ्याचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, 2.42, या काचेचा 1.6 च्या आगेमागे. पण मेणबत्त्यांचा उजेड, खोल गळ्याचा रेशमी गाऊन आणि पोटात शॅम्पेन, एवढं जमल्यावर फरक कुणाला कळणार?

म्हणून ओरखडा. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 मध्ये खनिजांची काठिण्यानुसार उतरंड लावली. सगळ्यात मऊ शंखजिरं 1 वर, हिरा 10 वर. जो दुसऱ्याला ओरखडतो तो वरचा, एवढाच नियम. काच साडेपाचच्या आसपास येते, शिशाची त्याहूनही मऊ. आपल्याकडे काचवाला हिरकणीने रेघ मारून काच तोडतो, तीच ही गोष्ट.

गोम अशी, की गारगोटी 7 वर, पुष्कराज 8 वर आणि नीलम 9 वर आहे. म्हणजे बिनरंगी नीलम किंवा अगदी स्फटिकाचा, म्हणजे पारदर्शक गारगोटीचा, स्वस्त खडासुद्धा आरशावर झकास रेघ ओढतो. खडा काचेचा नाही, यापलीकडे आरसा काही सांगत नाही. आणि 9 नंतर 10 म्हणून दोघं शेजारी समजू नयेत. हे नुसते क्रमांक आहेत. प्रत्यक्षात हिरा नीलमच्या कित्येक पट कठीण असतो.

त्या बाईने खड्यावर नुसती फुंकर घातली असती तर जास्त कळलं असतं. हिरा तांब्याच्या जवळजवळ पाचपट वेगाने उष्णता वाहून नेतो. तोंडाची वाफ काचेच्या खड्यावर क्षणभर रेंगाळते, हिऱ्यावरची बघता बघता उडून जाते.