दासमारुती आणि प्रतापमारुती: चाफळला दोन मारुती कशासाठी?

सातारा जिल्ह्यात उंब्रजला हायवे सोडून आत वळलं की थोड्या वेळात चाफळ येतं. इथं रामाच्या देवळापुढं एक मारुती आणि देवळामागं दुसरा. दोन्ही समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींतले. गेल्या खेपेला माझ्या पुढं ट्रॅव्हल्समधून उतरलेला घोळका होता. त्यातले एक काका पोरांना सांगत होते, "पुढचा भक्तीचा, मागचा शक्तीचा." पोरांनी माना डोलावल्या, फोटो काढले, संपलं. काकांचं चुकलं नव्हतं. पण एवढ्या स्वस्तात वाटणी केली की रामायणातला मारुती हातातून निसटतो.

आधी ओळखायचं कसं ते. दासमारुती रामासमोर हात जोडून उभा, नजर रामाच्या पायांशी. प्रतापमारुतीला कुणी वीरमारुती, कुणी भीममारुती म्हणतं. शेपूट डोक्यावर वळलेली आणि पायाखाली राक्षस. भीमरूपी स्तोत्र पाठ असेल तर 'पुच्छ ते मुरडिले माथा' ही ओळ इथं डोळ्यांसमोर उभी राहते. हात आणि पाय बघितले की काम झालं. बाकी तपशील गावोगाव बदलतात.

खरा घोळ अर्थाचा आहे. दास म्हणजे पडखाऊ, मान खाली घालून सांगेल ते करणारा, आणि प्रताप म्हणजे स्वतःची ताकद दाखवणारा, असं आपण मनात धरून बसतो. वाल्मीकींचं सुंदरकांड उघडलं की हे दोन्ही समज ढासळतात.

अशोकवन मोडून मारुती तोरणावर, म्हणजे वेशीच्या कमानीवर, चढून बसलाय. रावणानं त्याला धरायला राक्षस धाडलेत. अशा वेळी तो गर्जना करतो: 'दासोऽहं कोसलेन्द्रस्य रामस्याक्लिष्टकर्मणः। हनुमाञ्शत्रुसैन्यानां निहन्ता मारुतात्मजः॥' मी कोसलराज रामाचा दास, आणि मीच शत्रुसैन्याचा संहार करणारा वायुपुत्र. म्हणजे चाफळच्या दोन्ही मूर्ती एका श्लोकात. 'मी दास' हे शब्द देवळात हात जोडून आलेले नाहीत, ते युद्धाच्या आरोळीत आलेत. ('दासोऽहं'मधला 'दा' गळला की 'सोऽहं', म्हणजे 'तो मीच', उरतं, ही कोटी कीर्तनात हमखास ऐकायला मिळते. आहेही झकास.)

गंमत पुढंच आहे. रावणानं धाडलेल्या त्या राक्षसांना वाल्मीकी 'किंकर' म्हणतात. किंकर म्हणजेही चाकरच! मग दोन्हीकडं चाकर असताना फरक कुठं पडला? किंकर हुकूम सुटला म्हणून आले. वन मोडायचा हुकूम मारुतीला कुणीच दिला नव्हता. सीतेचा शोध घेणं एवढंच काम होतं. नेमून दिलेल्या कामाला बाध न आणता जो आणखी कामं उरकतो तोच खरा दूत, असा हिशेब त्यानं आपल्या मनाशी मांडला आणि मग वनात घुसला. मला दासमारुतीचा अर्थ इथं सापडतो. हात जोडलेले आहेत, डोकं गहाण टाकलेलं नाही.

प्रतापाचंही तसंच. पायाखालचा राक्षस म्हणजे अहंकार, असं प्रवचनात सांगतात. ठीक आहे. पण अहंकार किंवा राग पायाखालून कधी निसटतो, हे रामायणानं दाखवलंय आणि ते प्रवचनात क्वचित येतं. लंका पेटवून झाल्यावर मारुतीच्या काळजात धस्स होतं: या आगीत सीताच जळाली असली तर? तो स्वतःलाच बोल लावतो, रागाच्या भरात मी माझं माकडपण जगाला दाखवलं म्हणतो. पेटलेली आग पाण्यानं विझवावी तसा उसळलेला राग बुद्धीनं आवरणारे धन्य, असंही म्हणतो. सीता सुखरूप असते, पण मधला तो क्षण मला फार मोलाचा वाटतो. आपण कुणाच्या कामाला आलोय याचा प्रतापाला घडीभर विसर पडला, आणि भानावर येताच पहिली आठवण झाली ती सीतेची.

म्हणून चाफळला दोघं एकाच रामाच्या पुढं-मागं आहेत, ते मला पटतं. वाटणी करायचीच तर कामाची करा: एक आज्ञा ऐकताना, एक ती पार पाडताना.

आणि तीही वाटणी सगळीकडं टिकत नाही. सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या बहे-बोरगावला कृष्णेच्या पात्रात समर्थांचाच मारुती आहे. लंकेहून परतताना राम तिथं थांबले, नदीला लोंढा आला आणि मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी अडवलं, अशी तिथली कथा. बाहूंवरून गावाचं नाव पडलं म्हणतात. आता याला दास म्हणायचं की प्रताप? काकांना विचारायला हवं होतं.

आमच्या गावच्या पारावरच्या मारुतीचं तर काहीच सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे थर चढून नुसते डोळे उरलेत. हात जोडलेले आहेत की उगारलेले, यावर दर शनिवारी रुईच्या माळा घालताना वाद होतो. शेंदूर खरवडून बघायची तयारी मात्र अजून एकाचीही नाही.