एसडब्ल्यूआर आणि रेझोनन्स: मीटरची सुई नेमकं काय सांगते?

घरच्या छपरावर सीबी (सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठीचा रेडिओ) अँटेना उभारला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो; 1 म्हणजे अचूक जुळणी, आकडा चढेल तशी ती बिघडलेली) किती आला? आकडा 1.1 असेल तर अँटेना रेझोनंट आहे, म्हणजेच उत्तम आहे, असं धरून चालतात. या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

रेझोनन्स हा अँटेनाचा स्वतःचा गुण. एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला त्याचा रिअ‍ॅक्टन्स (ऊर्जा साठवून परत करणारा विरोध) शून्य होतो आणि निव्वळ रेझिस्टन्स उरतो. तो बहुतांशी लांबीवर ठरतो. अमेरिकेतल्या सीबीचे 40 चॅनेल 26.965 ते 27.405 मेगाहर्ट्झमध्ये बसतात. तिथे पाव तरंगलांबी साधारण पावणेतीन मीटर येते. प्रत्यक्षात थोडी कमी लागते, म्हणून तिथला 102 इंची स्टीलचा व्हिप (लवचिक सळईचा अँटेना) प्रसिद्ध आहे.

एसडब्ल्यूआर मात्र जुळणीचं माप आहे. केबल 50 ओहमची, तर पुढचा भार (इथे अँटेना) तिच्याशी किती जुळतो एवढंच ते सांगतं. जमिनीला समांतर रेडियल (बुडापासून बाहेर पसरलेल्या तारा) असलेला पाव तरंगलांबीचा अँटेना अचूक रेझोनंट असला तरी सुमारे 36 ओहम देतो, म्हणजे मीटर 1.4 दाखवणार. त्यात परत येणारी पॉवर तीन टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे तेवढ्यासाठी करवत काढू नये. रेडियल 45 अंशांत खाली झुकवले की आकडा 50 ओहमच्या जवळ सरकतो.

उलटी बाजू जास्त फसवी. 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रेझिस्टर) सगळ्या चॅनेलवर 1.0 दाखवतो आणि हवेत जवळपास काहीच सोडत नाही. जुनी, पाणी शिरलेली केबलही हाच खेळ करते. समजा तिच्यात 6 डेसिबल गळती आहे. वरचं टोक पूर्ण उघडं असलं तरी गेलेली लहर परत येईपर्यंत 12 डेसिबल खाल्ले जातात आणि खाली मीटर 1.7 च्या आसपास थांबतो. अँटेनाच नाही, तरी आकडा चारचौघांत सांगण्यासारखा! म्हणून शक्य असेल तर मीटर केबलच्या वरच्या टोकाशी लावून एकदा मोजावं. (रेडिओशेजारी ठेवलेला 'अँटेना ट्यूनर'सुद्धा अँटेना ट्यून करत नाही, रेडिओची समजूत काढतो.)

तरीही लांबी ठरवायला एसडब्ल्यूआर मीटर पुरतो, फक्त तीन ठिकाणी वाचावा लागतो: चॅनेल 1, 20 आणि 40. चॅनेल 40 वरचा आकडा चॅनेल 1 वरच्या आकड्यापेक्षा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, थोडा कमी करा. चॅनेल 1 वर जास्त असेल तर तोकडा आहे. तिन्हीकडे सारखाच चढा असेल तर लांबीशी खेळत बसू नका. बहुधा जोडणी सैल असते, शॉर्ट असतो, नाहीतर ग्राउंड किंवा रेडियलच नीट नसतात.

केबलची लांबी बदलली की आकडा लक्षणीय हलतो का, हेही पाहा. हलत असेल तर बहुतेकदा केबलची बाहेरची जाळीच अँटेनाचं काम करू लागलेली असते. अँटेनाच्या बुडाशी केबलचेच काही वेढे घालून चोक केला की ते आवरतं.

भारतात 27 मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात अंगभूत अँटेनाचीच मुभा आहे, त्यामुळे छपरावर हे प्रयोग आपल्याकडे परवानाधारक हॅम (हौशी रेडिओवाले) 10 मीटर बँडवर (28 मेगाहर्ट्झपासून पुढे) करतात. मोजमापाची रीत तीच. व्हिप तेवढा काही सेंटिमीटर आखूड.