अंतर्गत तक्रार समिती

अंतर्गत तक्रार समिती म्हणजे कामाच्या ठिकाणी बाईचा लैंगिक छळ झाला तर तिची तक्रार ऐकून चौकशी करणारी, त्याच ऑफिसात नेमलेली समिती. एचआरवाले तिला आयसी (इंटर्नल कमिटी) किंवा आयसीसी (इंटर्नल कंप्लेंट्स कमिटी) म्हणतात, सरकारी ऑफिसांत आणि कॉलेजांत अजूनही बरेच जण विशाखा समितीच म्हणतात. भारतात २०१३ च्या कायद्याने, ज्याला सगळे पॉश (प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट) कायदा म्हणतात, दहा किंवा जास्त लोक काम करत असतील तिथे ही समिती सक्तीची आहे, आणि शाखा वेगवेगळ्या असतील तर प्रत्येक शाखेत वेगळी.

याच्या मागे एका बाईने भोगलेलं आहे. १९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला. त्या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या, बालविवाह थांबवायला जाणं हे त्यांचं कामच होतं आणि त्याच कामाचा सूड त्यांच्यावर उगवला गेला, तरी कामावर असलेल्या बाईच्या सुरक्षेची जबाबदारी कुणाची हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. विशाखा आणि इतर महिला संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ ला न्या. जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. किरपाल यांनी कामाच्या ठिकाणी अशी तक्रार समिती नेमायच्या गाइडलाइन्स दिल्या. त्या पाळल्या जात नाहीत म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांनी कोर्टाला पत्र लिहिलं, त्याचीच पुढे याचिका झाली आणि २०१२ मध्ये निकाल आला. कायदा लागू झाला तो ९ डिसेंबर २०१३ ला, म्हणजे गाइडलाइन्स आल्यानंतर सोळा वर्षांनी.

अध्यक्ष त्याच ठिकाणची वरच्या पदावरची बाई असावी लागते, किमान दोन मेंबर स्टाफमधले, एक बाहेरची व्यक्ती आणि एकूण निम्म्या तरी बायका. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. बाहेरची मेंबर फार महत्त्वाची, कारण तिचं प्रमोशन किंवा पगार साहेबांच्या हातात नसतो, आतल्या सगळ्यांचा असतो. बऱ्याच ठिकाणी नोटीस बोर्डावर एक जुना कागद असतो, त्यावरच्या दोघी कधीच नोकरी सोडून गेलेल्या आणि फोन नंबर बंद. अशी समिती असून नसल्यासारखीच. ती नेमलीच नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केलं तर दुप्पट आणि लायसन्सही जाऊ शकतं.

तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. प्रकार वारंवार होत असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं, आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. लिहिता येत नसेल तर मेंबरनी लिहायला मदत करायची, ही त्यांची ड्युटी आहे, उपकार नाही. कॉन्ट्रॅक्टवरची, ट्रेनी, इंटर्न, इतकंच काय कामानिमित्त आलेली बाहेरची बाईसुद्धा तक्रार करू शकते, आणि कंपनीची कॅब किंवा ऑफिसच्या कामाचा दौरा हेही कामाचं ठिकाणच धरतात.

चौकशीला ९० दिवस असतात आणि खरी परीक्षा याच दिवसांत होते, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच बऱ्याचदा बॉस असतो आणि अप्रेझलचा फॉर्मही तोच भरतो. म्हणून तिने मागितलं तर समिती दोघांपैकी एकाची बदली करायला सांगू शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा द्यायला सांगू शकते, आणि तिच्या कामाचा रिपोर्ट त्याने लिहायचा नाही असंही सांगू शकते. ही शेवटची सोय किती बायकांना माहीत असते? सांगतच नाही कुणी. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला तिची कॉपी मिळते, उत्तर द्यायची संधी मिळते, आणि ती मिळायलाच हवी, नाहीतर चौकशी कोर्टात टिकत नाही. व्हॉट्सॲप मेसेज, मेल, कॉल लॉग जपून ठेवावेत, रागाच्या भरात डिलीट करू नयेत. तिने स्वतःहून मागितला तर समझोता होतो, पण त्यात पैसे ठरवता येत नाहीत.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत रिपोर्ट, मग साठ दिवसांत मालकाने कारवाई करायची. "सिद्ध झालं नाही तर उलट तुझ्यावरच येईल" अशी भीती बायकांना सर्रास घातली जाते, ती चुकीची आहे. नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, वाईट हेतू होता हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. नावं गुप्त ठेवायची असतात, कँटीनमध्ये चर्चा करणारा मेंबर दंडाला पात्र आहे.

या समितीकडे सगळंच येत नाही. जातीवरून, धर्मावरून किंवा पगारात केलेला भेदभाव इथे चालत नाही, त्याचे कायदे आणि दारं वेगळी. पुरुषांची तक्रारही या कायद्यात बसत नाही, काही कंपन्या स्वतःच्या पॉलिसीत घेतात. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही तीच, आणि त्यांच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर या स्थानिक समितीने सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते.