इंटरनेट ओएसआयच्या सात थरांवर चालत नाही

'इंटरनेट ओएसआयच्या (नेटवर्कचे काम सात थरांत वाटणाऱ्या आराखड्याच्या) सात थरांवर चालते': पणजी-मडगावकडच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत अजूनही हे वाक्य सापडते. ते चूक आहे. इंटरनेटचे पूर्वज जाळे असलेल्या अर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी/आयपी हे माहिती पाठवण्याचे नियम स्वीकारले. ओएसआयचे मानक १९८४ मध्ये आले. इंटरनेट चारच थर मानते: लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट, ॲप्लिकेशन. 'लेअर-२ स्विच' (दुसऱ्या थरावर काम करणारा स्विच) ही बोली मात्र ओएसआयची, आणि ती सोयीचीच आहे.

थरांच्या गोंधळाचे खरे नुकसान नेटवर्कच्या दुरुस्तीत होते. 'पिंग (यंत्र उत्तर देते का, ते पाहणारी चाचणी) लागला, म्हणजे वरच्या थरांचे सगळे ठीक' असे धरतात. पिंग आयसीएमपी या नेटवर्कच्या सूचना-संदेशांवर चालतो, त्याला पोर्टच (सेवेचा दार-क्रमांक) नसतो. म्हणून पिंगला उत्तर देणारा राउटरही एसएनएमपी (उपकरणांची स्थिती विचारण्याची पद्धत) देखरेखीत मृत दिसू शकतो. राउटरवर एसएनएमपीचा पोर्ट, यूडीपी १६१, उघडा आहे का ते पाहा. ट्रॅप (राउटरने आपणहून पाठवलेल्या सूचना) राउटरकडून येतात, त्यामुळे यूडीपी १६२ देखरेखीच्या सर्व्हरवर उघडावा लागतो.