मेणबत्तीच्या उजेडातले सोने

१७१४ साली पहिला जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर आला, तेव्हा तिथले उत्तम फर्निचर प्रामुख्याने अक्रोडाच्या लाकडाचे असे. सोनेरी मुलाम्याचे सामान राजवाड्यांच्या आणि उमरावांच्या समारंभाच्या दालनांसाठी राखलेले होते. या दालनांत दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर उंच आरसा आणि त्याखाली मेज मांडण्याचा प्रघात होता. ही भिंत दिवसा अंधारी राहते आणि रात्री तिथेच मेणबत्त्या जळतात. त्यामुळे सोने तिथे श्रीमंती मिरवण्याइतकेच उजेड परतवण्याच्याही कामी येई.

या पहिल्या टप्प्यातला अग्रगण्य कारागीर जेम्स मूर. आरशांचा व्यापारी जॉन गमली याच्या भागीदारीत त्याने राजघराण्याला सामान पुरवले आणि काही वस्तूंवर आपले नावही कोरले, जे त्या काळी इंग्रज कारागीर क्वचितच करीत. साध्या लाकडावर खडूची भुकटी आणि सरस यांच्या मिश्रणाचे, म्हणजे गेसोचे, थरावर थर चढवायचे, ते वाळून कडक झाले की त्यांतच हलक्या उठावाची नक्षी कोरायची, नक्षीमागची जागा बारीक ठोकून खरबरीत करायची, मग चिकणमातीच्या लेपावर वर्ख बसवून उंच भाग अकीकाने किंवा चक्क कुत्र्याच्या दाताने घोटायचे, अशी ही पद्धत होती. घोटलेले सोने चकाकते, ठोकलेले मंद राहते, आणि या दोन छटांवरच नक्षी उठून दिसते.

वास्तुकार आणि सजावटकार विल्यम केंट १७१९ मध्ये दहा वर्षांच्या इटलीवासानंतर परतला आणि हा तोल बदलला. त्याचा आश्रयदाता लॉर्ड बर्लिंग्टन सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार पॅलाडिओ याच्या संयत वास्तुशैलीचा भक्त होता. पण पॅलाडिओने फर्निचरचे नमुने मागे ठेवलेले नसल्याने केंटने रोममधील बरोक, म्हणजे भरगच्च अलंकरणाच्या शैलीतल्या, प्रासादांकडे पाहिले. चिझिक येथे बर्लिंग्टनच्या व्हिलात आणि नॉरफोकमध्ये पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलच्या हॉटन हॉल या प्रासादात त्याचे सामान वास्तूचाच भाग म्हणून आखले गेले. जाड संगमरवरी फळ्या, त्यांखाली शिंपले, मुखवटे, फुलांच्या माळा असा त्याचा थाट. तो दिपवतो खरा, पण हाताचे कसब पाहायचे तर मूरचेच मेज जवळून पाहावे.

१७२१ मध्ये वसाहतींतील लाकडावरची आयात जकात उठली, महोगनी या तांबूस लाकडाचा वापर वाढला, आणि हॉटनमध्येच केवळ कोरीव भागांना सोने दिलेले महोगनीचे फर्निचर आले. जुन्या गेसोवर पुढे अनेकदा नवा मुलामा चढवला गेला. त्या थराखाली मूळची ठोकणी बुजते; म्हणून जाणकार आधी तिथेच भिंग लावतात.