तारा (आयरिश स्थलनाम)

तारा : आयर्लंडच्या मीथ काउंटीतील एक प्राचीन टेकडी आणि तिच्यावरून दूरवर पसरलेले नाव. मूळ आयरिश नाव ‘त्यौर’. ‘तारा’ हे त्याचे इंग्रजीत रुळलेले रूप. टेकडी जेमतेम १५० मी. उंचीची, गवताळ. माथ्यावर मातीचे वर्तुळाकार बांध आणि पाच हजार वर्षांहून जुने एक दगडी थडगे आहे. आयर्लंडच्या श्रेष्ठ राजाचे आसन येथे होते, असे मध्ययुगीन आयरिश साहित्य सांगते. खऱ्या राजाचा पाय लागताच येथील लिया फॉल हा उभा दगड गर्जतो, अशी कथा आहे. राजे गेले, पण दबदबा टिकला. म्हणूनच आयर्लंडचे ब्रिटनशी झालेले एकीकरण रद्द करावे, या मागणीसाठी आयरिश नेते डॅनियल ओ’कॉनेल यांनी १५ ऑगस्ट १८४३ रोजी प्रचंड सभा भरवली ती याच टेकडीवर.

नाव पसरले तेही या दबदब्यामुळेच. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘तारा ब्रोच’ हा वस्त्र अडकवण्याचा दागिना. तो १८५० मध्ये सापडला समुद्रकाठच्या बेटीस्टाउनजवळ. टेकडीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. डब्लिनचे सराफ जॉर्ज वॉटरहाउस यांच्या हाती तो आला. ते जुन्या आयरिश दागिन्यांच्या प्रतिकृती विकत, आणि गिऱ्हाइकाच्या मनात प्राचीन राजवैभव उभे करणारे नाव त्यांनीच या दागिन्याला दिले. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात तो झळकला आणि नाव कायमचे चिकटले. दागिना मात्र त्या नावाला साजेसाच आहे. इ. स. ७०० च्या सुमारास घडवलेल्या या चांदीच्या कड्याचा व्यास नऊ सेंटिमीटरही नाही. तरी त्यावर सोन्याच्या तारेची अतिसूक्ष्म जाळी, अंबर (पिवळसर अश्मीभूत राळ) आणि काचेचे जडावकाम आहे. अंगावर घातल्यावर झाकली जाणारी मागची बाजूसुद्धा कारागिराने तितक्याच जीव ओतून कोरली आहे. तो आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

अटलांटिकपलीकडे हे नाव घरोघरी पोहोचले ते मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ (१९३६) या कादंबरीमुळे. त्यातील जेराल्ड ओ’हारा हा आयरिश स्थलांतरित अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील आपल्या कापसाच्या मळ्याला ‘तारा’ म्हणतो. मळा गुलामांच्या श्रमांवर उभा होता, हे या नावाच्या लोकप्रियतेत सहज विसरले जाते. १९३९ च्या चित्रपटानंतर अमेरिकेत मुलींची नावे ‘तारा’ ठेवली जाऊ लागली. आपल्याकडील तारा संस्कृतमधून आलेले, अगदी वेगळे. पण रोमन लिपीत दोन्हींची अक्षरे तीच. त्यामुळे परदेशात हे नाव टेकडीवरून आले की संस्कृतमधून, हे नुसत्या लेखनावरून ओळखता येत नाही.

खुद्द मीथमध्ये नाव्हन गावाजवळ १९७७ मध्ये सुरू झालेली जस्त व शिसे यांची मोठी खाणही ‘तारा’ याच नावाने ओळखली जाते.